लाओसला जाऊन आलेलं पार्सल

माझा जीव वाचला तो औषधाने, पण ते औषध सापडलं एका पार्सलमुळे. आत खजुराचे दोन डबे, गुडघ्याला चोळायच्या बामच्या बाटल्या आणि एक जांभळी शाल. वरून निळी प्लास्टिकची दोरी आणि दोरीला मासेवाल्याची गाठ. ती गाठ माझ्या हातून एकदाही सुटली नव्हती, हाच सगळा पुरावा ठरला.

मी विलास. कुवेतमध्ये चौदा वर्षं एसी मेकॅनिक आहे. शर्कमधल्या एका उंच इमारतीच्या गच्चीवरची मशिनं सांभाळतो. राहायला फिंतासला, नझीरभाईंबरोबर एका खोलीत. नझीरभाई रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, शर्कच्या मासळीबाजारात एका गाळ्यावर काम करतात. माझं गाव गुहागर तालुक्यात. तिथे बायको सुप्रिया आणि दहावीतली मुलगी असते.

हे लिहायचं कारण एवढंच, की हल्ली आमच्यासारखी माणसंही पाठीला सॅक लावून थायलंड, व्हिएतनाम, लाओस करायला निघू लागली आहेत. खुशाल निघा. मी केलेला गाढवपणा मात्र करू नका.

जिथे माझी वाट कुणी बघत नाही

सुट्टीत गावाला गेलो की सुप्रियाच्या आधी वाडीतले फ्रीज माझी वाट बघत असतात. पहिल्या दिवशी सरपंचांचा फ्रीज, दुसऱ्या दिवशी शाळेतला कूलर, तिसऱ्या दिवशी मामेसासऱ्यांचा पंखा, जो खरं तर भंगारात द्यायला हवा. कुणाला नाही म्हणायची सोय नाही. परत येताना मी आलो होतो त्यापेक्षा दमलेला असायचो.

दोन वर्षं मी मोबाइलवर बॅकपॅकर लोकांचे व्हिडिओ बघत होतो. एक सॅक, चार कपडे, स्वस्तातलं वसतिगृह, नदीच्या कडेने चालत सुटायचं. मला त्या नदीपेक्षा त्या माणसांचे रिकामे हात आवडायचे. त्रेचाळिसाव्या वर्षी, रक्तात साखर असताना, असलं काही मनात येतं हे सांगायची मला लाज वाटत होती. म्हणून सांगितलंच नाही.

सुप्रियाला म्हटलं, दिवाळीला सुट्टी नाही मिळाली, शिमग्याला येतो. नझीरभाईंना म्हटलं, दिवाळीला गावाला चाललो. कारण नझीरभाईंकडे माझ्या घरचा नंबर आहे. ते सुप्रियाला वहिनी म्हणतात, आणि त्यांच्या पोटात गोष्ट राहत नाही.

आता गावाला चाललेला माणूस म्हटला की पार्सल आलंच. इथे कुणी सुट्टीवर निघाला की ओळखीतले लोक त्याच्या हाती आपापल्या घरचं काहीबाही देतात, आणि तो परतताना तिकडून आमसुलं, फणसपोळी, सुका जवळा आणतो. याला नाही म्हणणं म्हणजे वाळीत पडणं. नझीरभाईंनी आपल्या आईसाठी पार्सल बांधलं, दोरीला त्यांची ती चिवट गाठ मारली आणि माझ्या हातात दिलं. म्हणाले, “आयशीच्या हातातच दे हां. भावाकडं देऊ नको, तो बाम स्वतःच लावील.”

ते पार्सल घेऊन मी बँकॉकमार्गे लाओसला गेलो. दुसरीकडे ठेवणार कुठे? खोलीत एकच कपाट, तेही दोघांत.

सगळी काळजी घेतली होती

मी कामात जशी चेकलिस्ट करतो तशी या प्रवासाचीही केली होती. पासपोर्टचा फोटो मोबाइलमध्ये आणि एक प्रत मोज्यात. पाणी बाटलीतलं, तेही झाकणाचं सील तपासून. बर्फ नाही, कापलेली फळं नाहीत. सॅक रात्री पलंगाला साखळीने बांधलेली. सगळे स्कूटर भाड्याने घेतात, मी घेतली नाही. डास पळवायचं मलम इतकं चोपडलं की वसतिगृहातली एक जर्मन बाई माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसायची. साखरेच्या गोळ्या वेळेवर. दिवाळीच्या दिवशी नझीरभाईंचा फोन आला, तेव्हा नदीकाठी उभा राहून मी त्यांना “घरचे सगळे बरे” असं सांगितलं. सुप्रियाने व्हिडिओ कॉल लावला तर “साइटवर आहे” म्हणून कट केला.

आठवा दिवस होता. पाऊस सरत आला होता, आणि मी एका खेड्यातून चालत होतो. दोन्ही बाजूंना भातखाचरं. वरच्या खाचराचा बांध फुटून पाणी खालच्या, कापणीला आलेल्या भातात घुसत होतं. एक म्हातारी आणि तिची सून असावी अशी एक बाई, दोघी चिखलाचे गोळे टाकत होत्या आणि पाणी ते वाहून नेत होतं.

कोकणातल्या माणसाला ते बघून पुढे जाता येत नाही. मला तरी आलं नाही. मी सॅक ठेवली, बूट-मोजे काढून बांधावर नीट जोडीने ठेवले आणि खाली उतरलो. शेतात पायताण घालून जायचं नाही, हे माझ्या वडिलांनी मला बोलायला शिकवायच्या आधी शिकवलं असेल. अर्ध्या तासात मी दगड, पेंढा आणि चिखल रचून भगदाड बुजवलं. त्यात पायाला काहीतरी कापलं, बहुधा गोगलगायीचं फुटकं कवच. लहानपणी बांधावर कापलं की आम्ही करायचो तेच केलं. मूठभर ओला चिखल घेतला आणि जखमेवर दाबून धरला. रक्त थांबलं.

म्हातारीने बांबूच्या टोपलीतला चिकट भात मला दिला. एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता, पण आम्ही तिघं बराच वेळ हसत होतो. त्या अख्ख्या सहलीतला तो सर्वांत सुखाचा तास होता, हे आजही म्हणेन.

सीलबंद पाणी पिणारा मी, तळपायाची जखम चिखलाने भरून, खुशीत वसतिगृहावर परतलो.

“इंडिया गया था?”

कुवेतला परतलो आणि चारच दिवसांत थंडी वाजून ताप आला. मग खोकला. गच्चीचा जिना चढताना छातीत सुई टोचल्यासारखं व्हायला लागलं. नझीरभाईंनी पार्सलचं विचारलं होतं, त्यांना सांगितलं की मुंबईत ओळखीच्याकडे ठेवलंय, पोचेल. प्रत्यक्षात ते कपाटातल्या माझ्या खणाच्या तळाशी, थंडीच्या जॅकेटखाली होतं.

शेवटी नझीरभाईच मला धरून मुस्तौसफला, म्हणजे आमच्या भागातल्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. तिथून मोठ्या हॉस्पिटलात. दाखल करताना केरळच्या सिस्टरने फॉर्म भरत विचारलं, “इंडिया गया था? कब आया?”

नझीरभाई शेजारीच उभे होते. मी म्हणालो, “हां. अभी आया.”

“गांव में?”

“गांव में.”

तिने लिहिलं. एवढंच झालं. मोठं पाप करताना काहीतरी जाणवत असेल असं मला वाटायचं. मला काहीच जाणवलं नाही, फक्त आडवं व्हायचं होतं.

बंद खोली

दोन दिवस सलाइन, तिसऱ्या दिवशी छातीचा फोटो. मलेरिया नाही, डेंग्यू नाही, टायफॉइड नाही. साखर मात्र कधी नव्हती इतकी चढलेली. ताप संध्याकाळी पाच वाजता ठरल्यासारखा यायचा आणि अंथरूण ओलं करून उतरायचा. चौथ्या दिवशी मला एकट्याच्या खोलीत हलवलं. दार बंद. आत येणारा प्रत्येक जण तोंडाला जाड मास्क लावून यायला लागला. जेवणाचा ट्रे ठेवणारासुद्धा.

मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या इजिप्तच्या, पन्नाशीच्या, हळू बोलणाऱ्या. म्हणाल्या, “फुप्फुसात डाग आहे. टीबी आहे का ते बघतोय. नक्की नाही.”

आमच्या खोल्यांमधून टीबी हा शब्द कुणी मोठ्याने उच्चारत नाही. टीबी निघाला की इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, रद्द; इकामा रद्द की विमानात, असंच आम्ही चौदा वर्षं ऐकत आलो. त्यातलं खरं किती, कुणाला ठाऊक. पण पलंगावर पडलेल्या माणसाला तेवढं पुरतं. कंपनीचा मंदूब, म्हणजे सरकारी कागदपत्रं बघणारा माणूस, एकदा येऊन दाराच्या काचेतून बघून गेला. आत आला नाही. मुलीची दहावी, सुप्रिया, सगळं त्या काचेपलीकडे गेल्यासारखं वाटलं.

लाओसचा विचार आला नाही असं नाही. आला. पण मी स्वतःला समजावलं, खोकला तो खोकला, तो गावचा काय आणि लाओसचा काय. आता सांगितलं तर नझीरभाईंना कळणार, मग सुप्रियाला कळणार. मरणाच्या दारात माणूस खरं बोलतो म्हणतात. मी मात्र तिथेही आपली सोय बघत होतो.

मला बरं वाटायचं ते फक्त दुपारी. केरळची सिस्टर, जिचं नाव मी इथे लिहीत नाही, ती मास्कच्या आतून रोज विचारायची, “खाना खाया?” आणि नाही म्हटलं की डोळ्यांनी रागवायची. तिने एकदा माझ्यासाठी घरून भाताची पेज आणली. साखरेमुळे अगदी दोनच चमचे, पण दिली.

गाठ

सहाव्या दिवशी नझीरभाई आले ते मास्क लावून, हातात पिशवी घेऊन. पिशवीत माझे कपडे असणार होते, मीच आणायला सांगितले होते. त्यांनी पिशवी उघडली आणि माझ्या पायांशी पार्सल ठेवलं.

निळी दोरी. त्यांची गाठ.

मासळीबाजारात दिवसभर ओरडणारा माणूस गप्प बसला की भीती वाटते.

“हा माझ्या आयशीचा पार्सल हाय,” ते म्हणाले. “तू गावाला गेलासच नायस.”

मी भिंतीकडे बघत राहिलो.

“मुंबईत ठेवलाय म्हणालास. मी आयशीला फोनवर सांगत बसलो, येतोय, येतोय. विलास, तू होतास कुठं?”

“लाओसला.”

“हा कुठं आला?”

“थायलंडच्या पलीकडे. फिरायला गेलो होतो.”

“एकटा?”

“एकटा.”

मला वाटलं आता शिव्या देतील. ते खुर्ची ओढून बसले आणि एकदम विचारलं, “डॉक्टरला सांगितलास?”

“नाही.”

“अरे गाढवा!” ते इतक्या जोरात ओरडले की सिस्टर दारात आली. “दुसऱ्याच मुलखाचा ताप आणलास, आणि हे लोक आपल्या गावचा शोधतायत!”

मी मेकॅनिक आहे. एसी बंद पडला की मी पहिलं विचारतो, तुम्ही काही केलंत का? आणि पाइपने पाणी मारलेलं असतं, तरी लोक सांगतात हातही लावला नाही. मग मी नको तो पार्ट बदलत बसतो. असल्या गिऱ्हाइकांवर मी चौदा वर्षं चिडत आलो होतो. आता मीच तसलं गिऱ्हाईक निघालो होतो.

नझीरभाईंनीच सिस्टरला सांगितलं. हिंदी, अरबी, हात, सगळं वापरून. डॉक्टरीणबाई आल्या. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. त्या लिहून घेत होत्या. बांधापाशी आलो तेव्हा त्यांचं पेन थांबलं.

“चिखलात? अनवाणी?”

“हो.”

“जखम?”

मी चादर बाजूला करून तळपाय दाखवला. जखम वरून भरली होती, पण कडेला अजून लाल होतं. त्यांनी वाकून बघितलं.

“आणि जखमेवर काय लावलं?”

“तोच चिखल.”

त्या मास्कच्या आत हसल्या असाव्यात, कारण डोळ्यांभोवती सुरकुत्या पडल्या. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “हे पहिल्या दिवशी सांगितलं असतंस, तर आपली ओळख इतकी वाढली नसती.” आणि तिथूनच लॅबला फोन लावला.

नाव सापडलं

त्या भागातल्या ओल्या मातीत एक जंतू असतो. जखमेतून आत शिरतो, साखर असलेल्या माणसाला जास्त धरतो, आणि फोटोत टीबीसारखा दिसू शकतो. नाव मेलिऑइडोसिस. मला ते नीट उच्चारायला आठवडा लागला, नझीरभाईंना अजून येत नाही. ते त्याला “मलिदा” म्हणतात.

रिपोर्टची वाट न बघता डॉक्टरीणबाईंनी त्याच संध्याकाळी सलाइनमधलं औषध बदललं. तीन दिवसांनी रिपोर्ट आला. सिस्टर आत आली ती मास्कशिवाय. मी घाबरून तोंडावर चादर ओढली, तर तिने ती खाली केली. “टीबी नहीं है,” ती म्हणाली. “आप का दूसरा है. ये ऐसे फैलता नहीं.” इतक्या दिवसांनी मला कुणाचा तरी अख्खा चेहरा दिसला. समोरच्या दातांत फट होती. इतका सुंदर चेहरा मी फार वेळा पाहिलेला नाही.

ताप लगेच गेला नाही. रोज पाच वाजता मी घड्याळाकडे बघायचो आणि तो यायचा, फक्त थोडा उशिरा, थोडा कमी. नवं औषध सुरू झाल्यापासून आठव्या दिवशी पाच वाजले, सहा वाजले, साडेसहाला चहा आला आणि मी तो कोरड्या कपड्यांत बसून प्यायलो. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या बिनसाखरेच्या चहाने शिकवलं.

मंदूबही आला, या वेळी आत. “खलास, माफी मुश्किल,” म्हणजे संपलं, आता काही अडचण नाही, असं म्हणून माझ्या खांद्यावर थाप मारली. इकाम्याला काही झालेलं नव्हतं.

फोन

नझीरभाईंनी घरी “थोडा ताप आहे” एवढंच कळवलं होतं. बाकीचं सांगायला ते तयार नव्हते. “वयनीला मी काय बी सांगनार नाय. खोटं तू बोललास, खरं पन तूच बोल.”

मी सुप्रियाला फोन लावला आणि सगळं सांगितलं. लाओस, बांध, टीबीची भीती, पार्सल. तिच्या मागे कुकरची शिट्टी झाली तेवढीच.

“म्हंजे दिवाळीला तुमाला सुट्टी हुती,” ती शेवटी म्हणाली.

“होती.”

“आनी मी हितं तुमच्यासाटी फराळ पाटवायला मानूस शोदत हुते. सगळ्या वाडीत इचारत फिरले, कोन कुवेतला जातंय का.”

“चुकलो,” म्हटलं.

“मरत हुतात तरी सांगत नव्हतात.”

“चुकलो गं.”

मग तिने विचारलं, “त्या बायांचं पानी थांबलं का?”

“थांबलं.”

“मंग आपल्या खालच्या खाचराचा बांध कवा बांदनार? दोन पावसाळं झालं फुटून. तुमी दर साली म्हनता, फुडच्या सुट्टीत.” आणि तिने फोन ठेवला.

मला आधी हसू आलं, मग रडू. नंतर दोन दिवस तिने फोन उचलला नाही. ते दोन दिवस मला तापापेक्षा जड गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी तिचाच फोन आला. नमस्कार नाही, कसे आहात नाही. “गोळी घेतलीत?” एवढंच विचारलं. घेतली म्हटलं. “बरं,” म्हणाली. पुढचे तीन महिने, हॉस्पिटलातून सुटल्यावर घोड्याला द्याव्यात तसल्या गोळ्या चालू होत्या तोवर, हा फोन रोज आला.

शिमगा

शेवटची गोळी घेतली आणि शिमग्याला घरी गेलो. निघताना नझीरभाईंनी तेच पार्सल पुन्हा माझ्या हातात दिलं, पण आधी तिकीट मागून घेतलं आणि त्यावरचं “मुंबई” बोट ठेवून वाचलं. मी उतरल्यावर पहिल्यांदा त्यांच्या गावी गेलो. म्हातारीने शाल पांघरून बघितली आणि विचारलं, “इतकं दिवस लागलं व्हय रं कुवेतवरनं याया?” मी म्हणालो, “जरा वळसा घालून आलं, चाची.”

तुम्ही निघणार असाल तर माझं सांगणं थोडकं आहे. सील बघून पाणी प्या, सॅकला साखळी लावा, ते सगळं करा. साखर असेल आणि पाय कापला असेल, तर दुसऱ्याच्या शेतात उतरू नका, आणि उतरलातच तर पाय उघडा ठेवू नका. आणि कुठे चाललात ते निदान एका माणसाला खरं सांगून जा. डॉक्टरने विचारलं तर त्यालाही सांगा.

वाडीतले फ्रीज या वेळी मी बघितले नाहीत. चौथ्या दिवशी टिकाव, घमेलं आणि नवे काळे गमबूट घेऊन खालच्या खाचराकडे गेलो. सुप्रिया मागून येत होती. वाटेत भेटेल तो माझ्या पायांकडे बघून हसत होता. वरून झऱ्याचं पाणी येतं म्हणून भगदाडापाशी मार्चमध्येही ओल होती. काळा, मऊ, ओळखीचा चिखल. बांधाच्या कडेला आलो, टिकाव टेकवला आणि खाली उतरायच्या आधी, काही विचार न करता, उजव्या पायातला गमबूट काढून कडेला ठेवला.

“पायात ऱ्हाऊं द्या ते!” सुप्रिया वरून ओरडली.

मी मागे वळून बघितलं. ती कमरेवर हात ठेवून उभी होती, आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी मुकाट्याने पाय परत आत घातला.